यंत्रगंध : सुवासाच्या व्याख्येचा पुनर्विचार

सुगंध म्हणजे काय असे वर्गात कुणी विचारले, तर मोगरा, केवडा, चंदन, वाळा अशी फुलामुळांची नावे भराभर निघतील. डांबर, ग्रीस, तापलेले रबर किंवा छापखान्याची शाई यांचे नाव कुणी घेणार नाही. घेतलेच तर हशा पिकेल. पण गेल्या काही दशकांत युरोपात व जपानमध्ये नेमक्या याच वासांची अत्तरे निघाली आणि ती हौसेने अंगाला लावणारी माणसेही निघाली. हा केवळ सुखवस्तू लोकांचा विक्षिप्तपणा आहे, की सुवास या कल्पनेविषयी त्यातून काही हाती लागते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. विषय अभ्यासक्रमाबाहेरचा खरा; परंतु खामगावात वाढलेल्याला तो परका वाटण्याचे कारण नाही.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कारखाना अत्तरात आज शिरलेला नाही. 1868 साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून कुमारिन तयार केले. वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास असलेला हा पदार्थ 1882 च्या सुमारास पॅरिसच्या ‘फूजेर रोयाल’ या अत्तरात वापरला गेला. 1921 च्या ‘शनेल नंबर 5’ ची कीर्तीही प्रयोगशाळेतल्या अल्डिहाइडांवरच उभी आहे. म्हणजे यंत्रयुग अत्तरात होतेच; फक्त फुलांचा मुखवटा घालून होते. हा मुखवटा हळूहळू बाजूला झाला. 1944 साली जर्मेन सेलिए या बाईंनी ‘बांदी’ या अत्तरात आयसोब्युटिल क्विनोलिन सढळ हाताने घालून कडवट चामड्याचा वास उभा केला. 1988 च्या ‘फॅरनहाइट’ मध्ये अनेकांना पेट्रोलचा भास होतो. 1998 च्या ‘बुल्गारी ब्लॅक’ मध्ये रबर आहे. त्याच वर्षी रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ या जपानी संस्थेने ‘ओदर 53’ काढले, 2000 साली ‘ओदर 71’ काढले. तापलेल्या दिव्यावरची धूळ, झेरॉक्स यंत्राची शाई असल्या वासांची कल्पना त्यामागे होती. पुढे 2004 साली या संस्थेने ‘टार’ आणि ‘गॅरेज’ अशी उघडउघड नावे असलेली अत्तरेच बाजारात आणली.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. या बाटल्यांत पेट्रोल किंवा ग्रीस नसते. पेट्रोलमधील बेन्झिन कर्करोगकारक आहे, ते कुणी त्वचेला लावू नये. अत्तरकार वासाची नक्कल करतो, पदार्थाची नव्हे. धुराचा भास हवा असेल तर ग्वायाकॉलसारखे द्रव्य, डांबराचा हवा असेल तर भूर्जवृक्षाच्या सालीचे शुद्ध केलेले तेल, अशी त्याची जुळणी चालते. चित्रकाराने निखारा रंगवताना कॅनव्हास जाळावा लागत नाही, तसेच हे.

लोखंडाच्या वासाची हकीकत तर याहून विलक्षण आहे. पाना किंवा नाणे हातात धरले की येतो तो वास लोखंडाचा, असे आपण धरून चालतो. 2006 साली ग्लिंडेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की, घामट हाताचा लोखंडाला स्पर्श झाला की त्वचेवरील स्निग्ध पदार्थांचे विघटन होते आणि त्यातून निघणाऱ्या द्रव्यांचा, विशेषतः ऑक्टेनोन नावाच्या द्रव्याचा, तो वास असतो. ज्याला आपण यंत्राचा वास म्हणतो तो यंत्र हाताळणाऱ्या माणसाचा वास आहे! हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातील खुंटीवर टांगलेला वडिलांचा कामाचा सदरा आठवला. वडील खामगावात एका जिनिंगमध्ये फिटर आहेत.

आपल्या परंपरेला हे सारे अपरिचित आहे, असेही नाही. कनौजचे अत्तरकार भाजलेल्या मातीचा अर्क देग-भपक्यातून काढून चंदनाच्या तेलात उतरवतात. ते मातीचे अत्तर सर्वांना ठाऊक आहे. त्या मानाने ‘चोया नख’ कमी ठाऊक असते. समुद्री शंखांच्या झाकणाचे तुकडे मडक्यात घालून ते जवळजवळ जाळायचे आणि निघणारा काळसर, धुरकट अर्क धरायचा, अशी ही रीत आहे. नुसता हुंगला तर तो वास भट्टीचा वाटेल. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘गंधयुक्ति’ नावाचा अध्याय आहे. त्यात सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून होणाऱ्या मिश्रणांची संख्या 1820 अशी दिली आहे (गणिताच्या विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावी), आणि त्या सोळांत वाळा, कापूर, चंदन यांच्या पंक्तीला नख बसलेले आहे. एवढेच कशाला, ‘गंधवाद’ नावाचा एक जुना ग्रंथ मराठी टीकेसह उपलब्ध आहे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी 1940 च्या दशकात त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मराठीत काव्यावर टीका झाल्या हे आपण शिकतो. अत्तराच्या पाककृतींवरही झाली, हे मात्र आपल्याला कुणी सांगत नाही.

आता खामगावाकडे वळू. 1820 च्या सुमारास येथे कापसाचा बाजार भरू लागला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861 ते 1865) वऱ्हाडी कापसाला विलायतेत मागणी आली आणि 1870 साली जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा केवळ या कापसासाठी सुरू झाला. या गावाचा वास हंगामाप्रमाणे बदलतो. दिवाळीनंतर जिनिंगा सुरू झाल्या की हवेत रुईची कोरडी धूळ, सरकीचा किंचित कडवट तेलकटपणा, ढेपेचा उबट गोडवा आणि बारदानाचा वास मिसळतो. आत यंत्राजवळ गेले तर आणखी एक वास येतो, जळक्या चामड्याचा. आपल्याकडील डबल रोलर जिनमध्ये रोलरवर चामड्याच्या चकत्या बसवलेल्या असतात. तो रोलर स्थिर पातीला घासत फिरतो, तापतो, झिजतो. त्याला पुन्हा पुन्हा चऱ्या पाडाव्या लागतात. त्या वेळी उडणारी चामड्याची बारीक पूड कामगाराच्या नाकातोंडात जाते. हे चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असल्याने ती पूड निरुपद्रवी नाही. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने क्रोमविरहित रबरी रोलरचा पर्याय पुढे आणला आहे, तो याच कारणाने.

पुण्यात नोकरीस असलेल्या एका मित्राने मला डांबराच्या वासाच्या अशा एका अत्तराची नमुन्याची कुपी दिली. अभ्यास म्हणून आठ दिवस मी ते लावून महाविद्यालयात आलो. उन्हामुळे पहिला भपकारा जोरकस येई. रस्त्यावर नवे डांबर टाकताना येतो तसाच. अर्ध्या-पाऊण तासाने तो निवळे आणि मागे विझलेल्या चुलीसारखा, काहीसा गोड वास मनगटावर दिवसभर राही. मला तो आवडला, हे निःसंकोचपणे सांगतो. बाकावरचे मित्र मात्र सरकून बसले. एकाने “गॅरेजात लागला काय बे?” असे विचारले. ते अत्तर आहे आणि भारी किमतीचे आहे, असे कळताच त्याच मित्राने मनगट पुढे केले. वास तोच होता. मधल्या काळात फक्त किंमत कळली होती.

वडिलांचे म्हणणे याहून थोडक्यात होते. मी घरात शिरताच त्यांनी विचारले, “काय रे, पट्टा जयला काय कुठी?” कुपी दाखवली तेव्हा त्यांनी ती हुंगली, परत दिली आणि म्हणाले, “याले पैसे देऊन घेतात लोकं? मले तर हा वास काढाले साबन लागते.”

मला वाटते, या विषयाचे मर्म इथे आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सुवास आणि दुर्गंध यांत जातिभेद नाही. तो भेद समाज करतो, आणि करताना तो वासापेक्षा माणसाकडे अधिक पाहतो. चामड्याचेच उदाहरण घ्या. ‘रशियन लेदर’ हा पॅरिसच्या अत्तरशास्त्रात शतकाहून जुना, मानाचा प्रकार आहे. आपल्याकडे कातडी कमावणाऱ्या ढोर समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवले आणि कारण विचारले तर वासाकडे बोट दाखवले. वास हे कारण नव्हते, सबब होती. कारण त्याच कातड्याची मोट आणि वहाण गावाला चालत होती. म्हणून यंत्रगंधाचे अत्तर मिरवणाऱ्याला मी हसत नाही, पण त्याला क्रांतिकारकही म्हणणार नाही. त्याला तो वास संध्याकाळी धुऊन टाकता येतो आणि दुसऱ्या दिवशी गुलाब लावता येतो. फिटरला ही निवड नाही. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहते ती त्याच्या, अत्तर लावणाऱ्याच्या नव्हे.

तरीही हे अत्तर निरर्थक आहे, असे मी मानत नाही. ज्या वासाला नाव नाही, त्याचा विचारही होत नाही. मराठीत घमघमाट, दरवळ, परिमळ असे सुवासाचे शब्द मुबलक आहेत. घाणेरड्या वासांनाही कुबट, खवट, उग्र असे शब्द आहेत. पण तापलेल्या मोटारीच्या वासाला, छापून आलेल्या कोऱ्या प्रश्नपत्रिकेच्या वासाला प्रमाण मराठीत शब्द कुठे आहे? कामगारांच्या बोलीत तो असतो. वडील वासावरून सांगतात की बेअरिंग कोरडे पडले आहे, पट्टा घसरतो आहे, की मोटारीचे वाइंडिंग जळते आहे. या तीन वासांना त्यांच्याकडे तीन वेगळी नावे आहेत. त्यांच्या जिनिंगमधली अशी नावे टिपून घेण्यास मी सुरुवात केली असून आजवर सतरा मिळाली आहेत. ऑईल मिलमधल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी ढेपेच्या वासांची वेगळी यादी देण्याचे कबूल केले आहे. मात्र ती हंगाम सुरू झाल्यावरच देईन, कोरड्या नाकाने आठवत नाही, असे त्यांनी बजावले आहे.