विलिमोव्स्कीचा देश कोणता?

सीमा सरकली की माणसाचं काय होतं, हे मुलांना फुटबॉलपटू एर्नेस्ट विलिमोव्स्कीच्या आयुष्यातून समजावता येईल.

त्याचा जन्म १९१६ साली कातोवित्से शहरात झाला. तेव्हा हे शहर जर्मनीत होतं. १९२२ मध्ये ते पोलंडमध्ये गेलं. १९३८ च्या विश्वचषकात पोलंडकडून त्याने ब्राझीलविरुद्ध ४ गोल केले, तरी पोलंड ६-५ असं हरलं. १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. पुढे तो जर्मनीच्याच संघातून ८ सामने खेळला आणि १३ गोल केले. पोलंडमध्ये तो गद्दार ठरला. युद्धानंतर तो पश्चिम जर्मनीत राहिला, मायदेशी परतलाच नाही. १९९७ मध्ये तिकडेच वारला.

वर्गात १९१४, १९२२ आणि १९३९ चे नकाशे शेजारी ठेवा. कातोवित्से मुलांनाच शोधू द्या. मग विचारा : त्याचा देश कोणता? उत्तर लगेच सांगू नका.