वेबसाइट करण्यापूर्वी देखभालीचा हिशेब मांडा

मावळात घर बांधणारा माणूस नुसती कौलांची किंमत विचारत नाही. दरवर्षी मृगापूर्वी कौले चाळायला किती मजूर लागतील, गावात माणूस मिळेल काय, हेही तो पाहतो. लोणावळ्याच्या पावसाने त्याला हे शिकविले आहे. वेबसाइट करताना मात्र आपले व्यापारी बांधव बनविण्याचा खर्च तेवढा विचारतात आणि सौदा पक्का करतात.

मजकूर, फोटो व दर आपल्यालाच बदलता यावेत म्हणून जी तयार सॉफ्टवेअरे वापरतात, त्यांत वर्डप्रेस, जूमला आणि ड्रुपल ही नावे प्रसिद्ध आहेत. तिन्ही फुकट मिळतात. पण त्यांत वरचेवर उणिवा सापडतात आणि त्या बुजविणाऱ्या सुधारित आवृत्त्या निघतात. त्या बसविल्या नाहीत तर काय होते, ते १५ ऑक्टोबर २०१४ रोजी दिसले. त्या दिवशी ड्रुपल ७ मधील एक गंभीर उणीव आणि तिच्यावरचा उपाय एकदमच जाहीर झाला. पुढे ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच सांगितले की, ज्यांनी सात तासांत उपाय केला नाही त्यांनी साइटमध्ये चोर शिरला असेच समजावे. ही मुदत आपल्याकडे फजरच्या अगोदरच संपली होती!

असे चोर साइटवर पुष्कळदा जुगाराच्या जाहिराती चिकटवून जातात. बेकरीचे नाव उघडणाऱ्या गिऱ्हाइकासमोर जुगाराचे पान यावे, याहून मोठी नामुष्की मुसलमान दुकानदाराला कोणती?

सॉफ्टवेअरलाही आयुष्य असते. जूमला ३ ची देखभाल ऑगस्ट २०२३ मध्ये थांबली, ड्रुपल ७ ची ५ जानेवारी २०२५ रोजी. ड्रुपल ७ वरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे जवळजवळ नवे बांधकामच. वर्डप्रेसमध्ये लहान सुधारणा २०१३ पासून आपोआप बसतात, पण त्याला जोडलेली प्लगिन निरनिराळ्या लोकांची असतात. एखाद्याने काम सोडले की ते प्लगिन बेवारस होते. म्हणून ती मोजकीच घ्यावीत.

आमचे मत असे की, कामशेतच्या वेल्डिंगवाल्याला किंवा सुताराला यांतले काहीच नको. पत्ता, फोन आणि कामाचे फोटो असलेली साधी पाने पुरेत. त्यांत बिघडण्यासारखे फारच थोडे. बंगले भाड्याने देणाऱ्याचे दर शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात बदलतात. त्याने वर्डप्रेस घ्यावे, कारण ते जाणणारा माणूस पुण्यात सहज मिळतो.

आता हिशेब. समजा, एकजण ८,००० रुपयांत साइट करतो व वर्षाला १२,००० घेतो. दुसरा २०,००० मागतो, पण वर्षाला ४,०००. पाच वर्षांत पहिल्याला ६८,००० जातात, दुसऱ्याला ४०,०००.

मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. तोच शिरस्ता येथेही पाळावा. सुधारणा किती दिवसांत बसविणार, हे करारात लिहून घ्यावे. डोमेन आपल्याच नावावर असावे. बनविणाऱ्याच्या नावावर असले तर भांडणाच्या दिवशी दुकानाची पाटीच त्याच्या हातात राहते. साइटची प्रत दरमहा आपल्याकडे यावी आणि मे महिन्यात ती एकदा दुसरीकडे उघडून पाहावी. जुलैच्या शनिवारी साइट बंद पडल्यावर प्रत कोरी निघाली, तर त्या मोसमाचे गिऱ्हाईक शेजारच्या बंगल्यात उतरलेले असते.