संगणकाला सीडी ड्राइव्ह सापडत नसेल तर काय करावे?

दुकानदार आणि कारागीर बांधवांसाठी संगणक आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून बिले, मालाचा साठा आणि उधारीची खाती पुष्कळांनी संगणकावर नेली आहेत. शिरूर तालुक्यातील आमच्या निमोण्यासारख्या गावात हा संगणक बहुधा जुना किंवा सेकंडहँड असतो. तो बिघडला की उचलून शिरूरला न्यावा लागतो. दिवस मोडतो, गिऱ्हाईक परत जाते आणि दुरुस्ती करणारा सांगेल तो खर्च मान्य करावा लागतो.

विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि जुन्या यंत्रांत ती बहुधा नसते. त्यामुळे कोणी लिनक्स टाकून घेतो, तर कोणी जुनीच प्रणाली नव्याने चढवतो. अशा वेळी आपण सीडी किंवा डीव्हीडी लावतो आणि संगणक म्हणतो, ड्राइव्ह सापडत नाही. घाईने नवी ड्राइव्ह विकत आणली जाते, कधी मदरबोर्डच गेला असे सांगितले जाते. पुष्कळदा कारण साधे असते. ते कसे शोधावे, हे क्रमाने पाहू.

आधी खाती वाचवा

प्रणाली नव्याने टाकताना सी ड्राइव्ह सहसा पुसली जाते. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रामची खाती अनेक दुकानांत त्याच ड्राइव्हवर असतात. म्हणून संगणक अजून चालू होत असेल तर हिशेबाचे फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवावे आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. संगणक चालूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि खाती काढून घेता येतात. 'डी ड्राइव्हला धक्का लागणार नाही' या शब्दावर विसंबू नये. प्रणाली टाकण्याच्या पडद्यावर सी, डी अशी अक्षरे न दिसता नुसते क्रमांक दिसू शकतात, आणि चुकीचा भाग पुसला की वर्षाची उधारी गेली. नवी ड्राइव्ह बाजारात मिळते, गेलेले खाते मिळत नाही.

नेमके कोणाला सापडत नाही?

कापडात दोष दिसला की विणकर आधी तो ताण्यात आहे की बाण्यात, हे पाहतो. इथेही तसेच करावे. संगणक सुरू करताच, विंडोज येण्याआधी, डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिले की बायोसचा पडदा उघडतो. काही कंपन्यांच्या यंत्रांत ही कळ वेगळी असते, ती पहिल्या पडद्यावर लिहिलेली असते. बायोस म्हणजे यंत्राला काय काय जोडले आहे हे तपासणारी मदरबोर्डवरची मूळ व्यवस्था. तिथल्या यादीत सीडी ड्राइव्हचे नाव आहे का, ते पाहावे. नाव नसेल तर दोष वीज, वायर किंवा ड्राइव्हमध्ये शोधावा. नाव असेल तर बहुधा दोष तबकडीत, क्रमात किंवा प्रणालीच्या प्रोग्राममध्ये असतो. एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

बायोसच्या यादीत नाव नसेल तर

प्रथम ड्राइव्हचे बटण दाबून ट्रे बाहेर येतो का ते पाहावे. ट्रे आला, दिवा लागला, म्हणजे वीज पोहोचते आहे. पण माहितीची वायर वेगळी असते, त्यामुळे ट्रे उघडला म्हणून जोडणी ठीक आहे असे समजू नये. संगणक बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि दोन्ही वायरी काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. धूळ आणि सैल वायर ही नेहमीची कारणे आहेत. तरीही नाव आले नाही तर मदरबोर्डवरचे दुसरे तोंड आणि दुसरी वायर वापरून पाहावी.

फार जुन्या यंत्रात चाळीस पिनांची रुंद पट्टीची वायर असते. तिच्यावर दोन उपकरणे बसतात. मागच्या छोट्या जंपरने एकाला मास्टर व दुसऱ्याला स्लेव्ह ठरवावे लागते. दोन्ही मास्टर राहिले तर गोंधळ होऊन एक किंवा दोन्ही दिसत नाहीत.

नाव आहे, पण तबकडीवरून सुरू होत नाही

बायोसमध्ये बूटचा क्रम असतो. हार्ड डिस्क पहिली असेल तर संगणक तबकडीकडे पाहतच नाही. सीडी ड्राइव्ह पहिली करावी. त्यानंतर 'कोणतीही कळ दाबा' अशा अर्थाची इंग्रजी ओळ काही क्षण दिसते. तेव्हा कळ दाबली नाही तर संधी जाते.

तबकडीही तपासावी. सीडीत सुमारे ७०० मेगाबाइट मावतात, साध्या एकथरी डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट. जुनी सीडी ड्राइव्ह डीव्हीडी वाचत नाही. विंडोज १० आणि ११ ची आताची पूर्ण फाईल तर साध्या डीव्हीडीतही मावत नाही. त्यांच्यासाठी किमान ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या साधनाने तो तयार करताना त्यातले सगळे पुसले जाते, म्हणून खाती उतरवलेला पेनड्राइव्ह यासाठी वापरू नये.

अर्ध्या वाटेवर येणारा संदेश

काही वेळा विंडोज ७ टाकायला सुरुवात होते आणि मध्येच सीडी-डीव्हीडी ड्राइव्हचा आवश्यक ड्रायव्हर नाही, असा संदेश येतो. हा संदेश पेनड्राइव्हवरून प्रणाली टाकतानाही येतो, यंत्रात सीडी ड्राइव्ह नसली तरी येतो! त्याचा खरा अर्थ इतकाच की प्रोग्रामला स्वतःचा माल ज्या जागी आहे तीच जागा दिसेनाशी झाली. विंडोज ७ हे २००९ साली आले. यूएसबी ३.० चा ड्रायव्हर त्यात नाही. पेनड्राइव्ह निळ्या तोंडात लावला की ही अडचण येते. तो काळ्या, म्हणजे यूएसबी २.० च्या तोंडात लावून पुन्हा सुरुवात करावी.

आमच्या दुकानाच्या संगणकावर हाच संदेश आला होता. एका दुरुस्ती करणाऱ्याने मदरबोर्ड बदलायला सांगितले. आम्ही पेनड्राइव्ह मागच्या काळ्या तोंडात लावून पाहिला आणि काम एका पैशाच्या खर्चाशिवाय पूर्ण झाले. तबकडीवरून टाकताना हा संदेश आला तर डीव्हीडी सदोष असू शकते. अशी डीव्हीडी कमी वेगाने नव्याने लिहून घ्यावी.

आणखी एक इशारा. बायोसमध्ये साटाच्या जोडणीचे आयडीई आणि एएचसीआय असे प्रकार दिसतात. कोणी सांगितले म्हणून ते बदलू नयेत. बदलले तर आधीची चालू विंडोजही उघडेनाशी होऊ शकते. बदलायचेच असेल तर आधीचा प्रकार कागदावर लिहून ठेवावा.

दुरुस्तीला नेताना

इतके करूनही ड्राइव्ह सापडली नाही तर ती दुसऱ्या चालू संगणकाला लावून पाहावी. तिथेही दिसली नाही तर ती खरोखर गेली. तरी लगेच नवी घेऊ नये, पेनड्राइव्हवरून सुरू होणाऱ्या यंत्रात सीडी ड्राइव्हवाचून काम होते. दुकानात यंत्र न्यावे लागलेच तर बायोसमध्ये नाव दिसते की नाही, कोणती वायर बदलून पाहिली आणि संदेश कोणता आला, हे चिठ्ठीवर लिहून सोबत द्यावे. बदललेला जुना भाग परत मागून घ्यावा, आणि 'हार्ड डिस्क पुसण्याआधी विचारावे' हे पावतीवर लिहून घ्यावे. कापड फाडण्याआधी आपण माप दोनदा घेतो, तसेच हे समजावे.