कोपऱ्यातला पोरगा

भाऊ, ताई, बसा जरा. चहा सांगितलाय.

तीस वर्षं शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकली. आता निवृत्त होऊनही बाजारात, एसटी स्टँडवर कुणी पालक भेटले की तेच गाऱ्हाणं कानावर येतं: "सर, पोरगा रोज कबड्डीला जातो, पण त्याचं नाव काही कुठे येत नाही. त्याला रेडर करा ना." पोरगा कुठे खेळतो म्हणून विचारलं की उत्तर येतं, "कोपऱ्यात असतो." शिक्षा झाल्यासारखं सांगतात. वर्गातल्या कोपऱ्याची आणि कबड्डीतल्या कोपऱ्याची आपण गल्लत केलीय, दुसरं काय!

एका पोराचं सांगतो. चोपडा तालुक्यातला. बाप केळी कापणाऱ्या टोळीत होता. पोरगा डाव्या कोपऱ्याचा, अंगानं उंचाडा, बोलायला कमी. धुळ्याला सामने होते आणि बाप त्या दिवसाची मजुरी बुडवून बघायला आला होता. आम्ही जिंकलो. पोरं बाहेर आली तशी बापानं विचारलं, "कितला पॉइंट व्हयनात रे?" पोरगा म्हणाला, "एक." बाप माझ्याकडे वळला. "सर, पोऱ्यानी काहीच करं नही."

आता मी काय पाहिलं ते ऐका. समोरच्या संघाचा सगळ्यात चलाख चढाईपटू पहिल्या पाच मिनिटांत दोनदा या पोराच्या अंगावर गेला. पहिल्यांदा कसाबसा निसटला. दुसऱ्यांदा पोरानं त्याचा घोटा असा धरला, की मध्यरेषा हाताला लागायच्या आत बाकीचे सहा जण त्याच्यावर होते. त्यानंतर शेवटच्या शिट्टीपर्यंत तो गडी आमच्या डाव्या अंगाला फिरकला नाही. बोनस घ्यायचा तोही उजवीकडून. म्हणजे अर्धं मैदान या पोरानं कुलूप लावून ठेवलं होतं, आणि गुणपत्रकावर त्याच्या नावापुढे एक. आला नाही त्या चढाईपटूला गुणपत्रकात रकाना नसतो.

बापाला तरी काय बोलणार? सोमवारी प्रार्थनेनंतर फळ्यावर मी स्वतः चढाईच्या गुणांचीच नावं लिहायचो. महिन्याभरात हे पोरगं माझ्याकडे आलं आणि मान खाली घालून म्हणालं, "सर, मला रेड द्या." मी दिली. पुढच्या सामन्यात ते चार वेळा गेलं, चारदा पकडलं गेलं, आणि ते बाहेर बसलेलं असताना डावा कोपरा उघडा पडला. हरलो. ती हार माझी आणि त्या फळ्याची होती.

बापाला सांगायला तेव्हा माझ्याकडे गोष्ट नव्हती. आता आहे, फक्त ती बर्फावरची आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो त्या आपल्या मुलखात बर्फ रसवंतीच्या लादीपुरता ठाऊक, हे मान्य. पण तिकडे लडाखात पोरी आइस हॉकी खेळतात, आणि 2025 मध्ये भारताच्या महिला संघानं आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. तेव्हा खेळ अगदीच परका नाही. पायात धारदार पात्यांचे बूट, हातात काठी, चेंडूच्या जागी कडक रबराची चकती. संघाचे सहा जण बर्फावर: एक गोलरक्षक, तीन आघाडीचे आणि दोन बचावपटू. एका दमात पाऊणएक मिनिट जीव तोडून खेळायचं आणि बाहेर यायचं. आपली चढाई तीस सेकंदांची, हे तिचंच थोरलं भावंड समजा.

त्या खेळात झ्देनो खारा नावाचा बचावपटू होऊन गेला. स्लोव्हाकियातल्या त्रेन्चीनचा, 1977 चा जन्म. बाप पैलवान! झ्देनेक खारा 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाकडून ग्रीको-रोमन कुस्ती खेळला होता. पोराकडून कष्ट करून घेण्यात या बापानं कसर ठेवली नाही. पण पोरगं वाढतच गेलं, पार सहा फूट नऊ इंच. लोक म्हणायला लागले, एवढ्या उंचीला बर्फावर काय काम, बास्केटबॉल खेळ. ऐकल्यासारखं वाटतं ना? पैलवान बापानं पोराला खेळ बदलायला लावला नाही.

1996 मध्ये उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगनं, म्हणजे एनएचएलनं, नवे खेळाडू निवडले तेव्हा खाराचा नंबर छप्पन्नावा होता. न्यूयॉर्क आयलंडर्सकडे तो काही वर्षं खेळला. 2001 मध्ये त्यांनी मोठ्या नावाचा खेळाडू आणायला त्याला आणखी एकासोबत ऑटावा संघाला देऊन टाकलं. बाजारात मोठं वांगं घेताना वर दोन मिरच्या टाकाव्यात तसं. 2006 मध्ये बॉस्टननं त्याला घेतलं आणि थेट कप्तान केलं. वर्षातल्या सर्वोत्तम बचावपटूची नॉरिस ट्रॉफी मिळाली ती 2009 मध्ये, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. 2011 मध्ये त्याच्या कप्तानीत बॉस्टननं स्टॅन्ली कप जिंकला. पंचेचाळिसाव्या वर्षी, 2022 मध्ये, त्यानं बूट टांगले, आणि पुढच्याच वर्षी गडी बॉस्टनची मॅरेथॉन धावला.

मला अडकवून ठेवतो तो त्याचा हिशेब. सामने 1680, तिथल्या कुठल्याही बचावपटूपेक्षा जास्त. गोल 209. म्हणजे आठ सामन्यांत साधारण एक. चोपड्याचा तो बाप असता तर सात सामन्यांनंतर म्हणाला असता, पोऱ्यानी काहीच करं नही. पण त्या खेळात एक रकाना आपल्यापेक्षा शहाणा आहे. दोन्हीकडे सारखीच माणसं असताना, तुम्ही बर्फावर आहात आणि तुमच्या संघानं गोल केला तर तुम्हाला अधिक एक, तुमच्यावर झाला तर उणे एक. गोल कुणीही करो. तुम्ही तिथे उभे असताना घराचं काय झालं, एवढंच तो रकाना विचारतो.

2019 च्या स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीत चौथ्या सामन्यात चकती त्याच्याच काठीवरून उडून तोंडावर आली आणि जबडा मोडला. बेचाळीस वर्षांचा माणूस. पाचव्या सामन्याला तोंडावर कवच लावून हजर. बॉस्टनचं स्टेडियम त्याच्यासाठी उभं राहिलं. शेवटी कप दुसऱ्यांनीच नेला. ही गोष्ट मी पोरांना सांगत नाही, तुम्हाला सांगतो, कारण पोरं यातून दुखणं लपवायला शिकतात. बचावपटूचं दुखणं खांद्याचं, गुडघ्याचं, बोटांचं असतं. समोरून भरधाव येणारं अंग तो आपल्या अंगावर घेतो. पोरगं जेवताना डाव्या हातानं ताट सरकवायला लागलं तर ओळखा. गावातल्या हाडं बसवणाऱ्याकडून खांदा कडाकडा मोडून घेऊ नका, डॉक्टरला दाखवा. आणि पंधरा दिवस खेळू नको म्हटलं तर पंधरा म्हणजे पंधरा.

कबड्डीतही पाहा. प्रो कबड्डी 2014 ला सुरू झाली. चढाईत परदीप नरवालचे सतराशेच्या वर गुण. पकडीत पाचशे ओलांडणारा पहिला गडी इराणचा फझल अत्राचली. पाचशे कुठे, सतराशे कुठे? तरी 2018 च्या लिलावात याच कोपऱ्यातल्या माणसासाठी यू मुम्बानं एक कोटी मोजले. आपल्या महाराष्ट्राचा गिरीश इरनाक डाव्या कोपऱ्यातूनच 2018 च्या आशियाई स्पर्धेला भारताच्या संघात गेला. पैसे मोजणाऱ्यांना कोपरा कळतो.

बचावपटू उशिरा का पिकतो तेही सांगतो. चढाईला चपळाई लागते, ती चौदाव्या वर्षी असते. पकडीला समोरच्याचा पहिला पाय वाचावा लागतो, कुठला खांदा खोटा झुकतोय ते कळावं लागतं, आणि शेजारच्या मध्यरक्षकाशी न बोलता ठरवावं लागतं. एक क्षण आधी झेप घेतली की गुण गेला, एक क्षण उशीर केला की गडी रेषेपार. हे शेकडो चुका केल्यावर अंगात येतं. नेमक्या त्या चुकांच्या वर्षांत आपण पोराला घरी बसवतो, नाहीतर रेडर करा म्हणून सरांच्या मागे लागतो.

पैशाचंही स्पष्ट बोलू. प्रो कबड्डीत बाराच संघ आहेत. म्हणून शेत गहाण ठेवून पोराला कुठल्या अकादमीत घालू नका, दहावी-बारावी सुटू देऊ नका. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, रेल्वे आणि पोलिसांचे संघ आहेत. त्यासाठी प्रमाणपत्रं लागतात, ती गादीखाली दुमडून ठेवू नका. आमच्याकडे एकाचं उंदरानं खाल्लं होतं.

त्या चोपड्याच्या पोराला मी पुन्हा डाव्या कोपऱ्यात उभं केलं आणि बापाला बोलावून मैदानाच्या त्याच अंगाला बसवलं. म्हटलं, भाऊ, टोळीत तुम्ही घड कसे मोजता? तो म्हणाला, गाडीत घड गेला की एक खडा खिशात. म्हटलं, आज तेच करा. समोरचा या बाजूनं येऊन हात हलवत परत गेला किंवा यायलाच घाबरला, की एक खडा.

सामना संपल्यावर बाप माझ्याजवळ आला आणि खिसा उलटा करून दाखवला. तेरा खडे निघाले. पोराच्या नावावर पॉइंट दोन होते, ते विचारायचं त्या दिवशी त्याच्या ध्यानात राहिलं नाही.