किशोरवयीन मुलांचे जोखमीचे वर्तन : पहिली पुडी हातात येण्याआधी



आठवी-नववीतल्या मुलाच्या दप्तरात मावा किंवा तंबाखूची पुडी सापडली की घरात आणि शाळेत एकच वाक्य ऐकू येतं, "याला एवढं कळत नाही का?" आजचा लेख या वाक्यावरच आहे. कारण खरं सांगायचं तर त्याला कळत असतं. पुडीवरचं सडलेल्या तोंडाचं चित्र त्याने आपल्यापेक्षा जवळून पाहिलेलं असतं. व्यसनमुक्तीच्या प्रभातफेरीत तो घोषणा देत फिरलेला असतो. "तंबाखू : एक शाप" या विषयावर त्याने निबंधही लिहिलेला असतो, आणि गुणही बरे पडलेले असतात. तरीही पुडी सापडते. म्हणजे कमतरता माहितीची नाही. मग कशाची आहे, ते आपण पाहूया.

जोखमीचे वर्तन म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटना 10 ते 19 वर्षे या वयाला किशोरवय म्हणते. या वयात स्वतःच्या शरीराला, मनाला किंवा भविष्याला धोका होईल असं जे वागणं मुलं करतात, ते जोखमीचे वर्तन. तंबाखू, गुटखा, मावा, दारू ही त्यातली ठळक उदाहरणं. लायसन नसताना ट्रिपल सीट गाडी पळवणं, पैज लावून विहिरीत उडी टाकणं, मोबाईलवर पैसे लावून गेम खेळणं हेही त्यातच येतं. मी या लेखात तंबाखू धरून बोलणार आहे. कारण ती स्वस्त आहे, कोपऱ्यावर मिळते आणि बऱ्याच घरांत तिला कुणी व्यसन समजतच नाही. बाकीच्या जोखमींनाही हीच चावी लागते.

आपल्या तालुक्याने पाहिलेली गोष्ट

तासगावात हा विषय काढला की आर. आर. आबांचं नाव मनात आल्याशिवाय राहत नाही. अंजनीसारख्या लहान गावातून आलेला हा माणूस राज्याचा गृहमंत्री झाला, उपमुख्यमंत्री झाला. ग्रामस्वच्छता अभियान त्यांनी गावोगाव पोहोचवलं. तंटामुक्तीची मोहीम त्यांचीच. 2005 साली डान्सबार बंद करण्याचा निर्णयही त्यांनीच पुढे रेटला, तोही तरुण पोरं वाया जातात या तळमळीने. आबांना तंबाखूची सवय होती. 16 फेब्रुवारी 2015 रोजी तोंडाच्या कर्करोगाने ते गेले, तेव्हा त्यांचं वय अवघं 57 होतं.

हे लिहिताना मनात आदरच आहे. पण शिक्षक म्हणून यातला धडा सोडून चालणार नाही. शहाणपण, जिद्द, राज्याची सत्ता, मोठमोठे डॉक्टर हे सगळं ज्या माणसाजवळ होतं, त्यालाही या सवयीने सोडलं नाही. तर मग चौदा वर्षांच्या पोराला "वाईट असतं, सोड" एवढं सांगून भागेल का? सवय लागल्यावर माहितीचा जोर फार चालत नाही. म्हणून काम करायचं ते सवय लागण्याआधी.

आधी म्हणजे किती आधी?

इथे आपल्यासारख्या प्राथमिक शिक्षकांनी कान टवकारावेत. 2019 साली देशभरातल्या 13 ते 15 वर्षांच्या शाळकरी मुलांची तंबाखूविषयी पाहणी झाली. त्यात 8.5 टक्के मुलं तंबाखू वापरत होती. पण त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांनी चघळायची तंबाखू कधी ना कधी घेतली होती, त्यांतल्या 52 टक्क्यांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाच्या आतच पहिल्यांदा तोंडात टाकली होती.

दहा वर्षांच्या आत म्हणजे चौथी-पाचवीच्या आत. म्हणजे हे मूल आपल्या वर्गात असतं, हायस्कूलच्या नव्हे. "व्यसनाचं काय ते हायस्कूलवाले बघतील" असं म्हणायची सोय आपल्याला नाही.

मुलं असं का वागतात?

1. मेंदूची वाढ दोन वेगांनी होते. आनंद, थरार, कौतुक यांच्या मागे धावणारा मेंदूचा भाग वयात येताना जोरात जागा होतो. थांब, विचार कर, पुढे काय होईल असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र सावकाश वाढतो. त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. गाडीला इंजिन दमदार, पण ब्रेक अजून बसवायचे चाललेत अशी ही अवस्था.

2. सोबत बदलली की वागणं बदलतं. अमेरिकेत 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग या संशोधकांनी एक प्रयोग केला. मुलांना आणि मोठ्यांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. काहींना एकट्याने खेळायला दिला, काहींना मित्रांच्या देखत. मित्र बघताहेत म्हटल्यावर 13 ते 16 वयाच्या मुलांनी घेतलेला धोका बराच वाढला. चोविशी ओलांडलेल्यांवर मित्र असण्या-नसण्याचा फारसा परिणाम झाला नाही. धोका काय आहे ही माहिती दोन्ही वेळी तीच होती. फरक होता तो बघणाऱ्या डोळ्यांचा.

म्हणजे मूल टपरीवर जातं ते तंबाखूसाठी नव्हे, टपरीवरच्या चौघांसाठी जातं. "घे की लेका, बायकांसारखं काय करतोस" या एका वाक्यापुढे निबंधातले सगळे मुद्दे गळून पडतात. कमी पडते ती माहिती नव्हे. चारचौघांत "नको" म्हणायची सवय कमी पडते, आणि "नको" म्हटल्यावर जायला दुसरी जागा नसते.

3. घरातूनच वाट मोकळी होते. जरा आपल्याच घरांकडे बघूया. "बाळ्या, जा रे, दुकानातनं पुडी घेऊन ये, उरलेल्याचं चॉकलेट घे." हे वाक्य आपल्याकडे किती घरांत बोललं जातं! सात वर्षांच्या पोराला पुडीचं नाव पाठ, किंमत पाठ, दुकानदाराची ओळख पक्की. वर बक्षीस म्हणून चॉकलेट. आजी सकाळी तव्यावर भाजलेली मिश्री लावत बसते आणि नात शेजारी बसून दात घासते. तिला ते दात घासणंच वाटतं. त्यात गोड सुपारीची पाकिटं पोरं बडीशेपेसारखी खातात. सुपारीत तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगाला कारण ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेलं आहे.

4. सुगीचे दिवस. द्राक्षाचा हंगाम आला की आईवडील पहाटेपासून बागेत. पुढे बेदाण्याच्या शेडवर रात्र होते. घरात मोठं माणूस नसतं. सुट्टीत थोरली पोरं कामाला जातात, हातात पहिले स्वतःचे पैसे येतात आणि सोबतीला मोठे गडी असतात. "दमलास? लाव जरा, तरतरी येईल." कष्ट करणारं पोरगं आपण आता मोठं झालो, या भावनेने ते घेतं. त्याला मोठं व्हायचंच असतं. मोठं होण्याची दुसरी खूण आपण त्याला दिलेली नसते.

वर्गात काय करता येईल?

उपदेश कमी, सराव जास्त हे सूत्र ठेवावं. तिसरी ते पाचवीला सहज जमतील असे काही उपक्रम देत आहे.

"नको"चा सराव : दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नाकारायचं. आग्रह खरा वाटला पाहिजे, "एकदा घेऊन तर बघ", "घाबरतोस व्हय", "कुणाला सांगत नाही मी". नाकारणाऱ्याने भाषण द्यायचं नाही. एकच छोटं वाक्य बोलायचं आणि तिथून निघायचं. "नको, मला खेळायला जायचंय." "मला नाही आवडत, चल निघतो." वाक्य मुलांना स्वतःच शोधू द्यावं. आपण दिलेलं वाक्य टपरीवर आठवत नाही, स्वतःचं आठवतं. पाढे जसे रोज घोकतो तसा हा खेळ महिन्यातून दोनदा घ्यावा. नाकारणाऱ्याच्या बाजूने एक मित्र उभा राहिला तर काय होतं, तेही करून बघावं. एकट्याने नाही म्हणणं किती जड आणि दोघांनी म्हणणं किती सोपं, हे मुलांना तिथल्या तिथे कळतं.

पुडीचा हिशोब : गणिताच्या तासाला रोजच्या 20 रुपयांच्या पुड्यांचा वर्षाचा हिशोब काढायला द्यावा. 7,300 रुपये होतात. त्यात काय काय येईल याची यादी मुलांनीच करावी. घरातल्या कुणाचं नाव मात्र वर्गात विचारू नये. मुलाला वडिलांची लाज वाटेल असा उपक्रम शाळेत नको.

शंभर यार्ड मोजूया : शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने बंदी आहे. शंभर यार्ड म्हणजे साधारण 91 मीटर. फाटकापासून टेप धरून मुलांसोबत हे अंतर मोजावं. मोजमापाचा पाठही होतो आणि हद्दही कळते. हद्दीत टपरी असेल तर दुकानदाराशी बोलायचं काम मात्र मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचं, मुलांचं नव्हे.

ओढायला दोर द्या

ऋषिपंचमीला आपल्या गणपतीचा रथ निघतो तेव्हा बघा. एरवी टपरीवर उभी असणारी पोरंही दोराला हात लावायला धडपडतात. लेझीमच्या रांगेत घाम गाळतात. तिथे कुणाला पुडीची आठवण येत नाही. चौघांत मिसळायचं, लोकांनी बघावं, अंगात थरार यावा, जे त्यांना टपरीवर मिळतं ते सगळं तिथे मिळतं. पण रथ वर्षातून एकदा. बाकीच्या संध्याकाळी काय?

आइसलँड या देशाने नेमकं हेच केलं. 1998 साली तिथल्या 15-16 वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं गेल्या महिन्याभरात दारू पिऊन झिंगली होती. 2016 साली हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली. त्यांनी भाषणं वाढवली नाहीत. खेळ, संगीत, कला यांचे वर्ग गावोगाव वाढवले. पालकांनी आपसात ठरवलं की मुलांसोबत जास्त वेळ घालवायचा आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर सोडायचं नाही. तो देश श्रीमंत आहे, मान्य. पण कबड्डीचं मैदान, तालीम, लेझीम पथक, वाचनालय यांना फार पैसा लागत नाही. संध्याकाळी पाच ते सात तिथे उभा राहणारा एक मोठा माणूस लागतो.

पुडी सापडलीच तर?

पालकहो, पहिली दहा मिनिटं महत्त्वाची. मारू नका आणि चारचौघांत बोलू नका. मार खाल्लेलं पोरगं तंबाखू सोडत नाही, लपवायला शिकतं. राग शांत झाल्यावर एकट्याला जवळ बसवून विचारा, "कुणासोबत असतोस तेव्हा घेतोस? न घेता त्यांच्यात थांबता येतं का?" उत्तरातच उपाय सापडतो.

तोंडही बघा. पांढरे किंवा लाल चट्टे, तिखट खाताना आग होणं, तोंड नीट न उघडणं ही लक्षणं आहेत. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील तर लगेच दंतवैद्याकडे न्या. सोडताना पहिला आठवडा जड जातो. चिडचिड होते, झोप लागत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. त्या दिवसांत "बघितलं, सुधारणार नाहीस तू" असं बोलू नका. तलफ काही मिनिटांनी ओसरते, तेवढा वेळ त्याच्यासोबत काढा. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. मनावर ताण असेल तर टेलि-मानसचा 14416 आणि मूल संकटात असेल तर 1098 हे क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावेत.

एक गोष्ट कायद्याचीही. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं गुन्हा आहे. बाल न्याय कायदा 2015 नुसार मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. "लाव जरा" म्हणणाऱ्या गड्यालाही हे कुणीतरी नीट सांगायला हवं.

शेवटी एवढंच मागणं आहे. मोठमोठे संकल्प राहू द्या. उद्यापासून आपल्या घरातल्या, आपल्या गल्लीतल्या एकाही लेकराला पुडी आणायला दुकानात पाठवायचं नाही, एवढं ठरवूया. ज्याला खायची आहे त्याने स्वतः उठून जावं. आणि शिक्षक मित्रांनो, येत्या शनिवारी दप्तराविना शाळा असेल तेव्हा "नको"चा खेळ एकदा घेऊन बघा. मुलांनी शोधलेली वाक्यं वहीत उतरवून ठेवा. पुढच्या वर्गाला ती उपयोगी पडतील.