मोटारीचे डोळे आणि त्यांना मिळणारे शिक्षण

यंत्र विकत घेतले की त्याचे सर्व गुण त्याच दिवशी हाती येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शिवणयंत्र घरी आले की ते लगेच टाके घालू लागते. अलीकडच्या मोटारगाड्यांच्या बाबतीत मात्र ही समजूत टिकत नाही. गाडी दारात उभी असते, तिची उपकरणे जागच्या जागी असतात, आणि तरीही त्या उपकरणांचे काम कित्येक महिन्यांनंतर सुरू होते.

अमेरिकेतील टेस्ला कंपनीच्या 'मॉडेल एस' या विजेवर चालणाऱ्या मोटारीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. यापुढे गाडीत पुढे पाहणारा एक कॅमेरा, एक रडार आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या साहाय्याने सुमारे ५ मीटरपर्यंतचा अडथळा ओळखणारे १२ संवेदक बसविले जातील, असे कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर केले. डोळे आले, पण दृष्टी आली नव्हती. २०१५ च्या आरंभी गाडी पुढील वाहनाच्या गतीप्रमाणे आपली गती कमीअधिक करू लागली. पुढे संकटप्रसंगी आपोआप ब्रेक लागू लागले. आणि आखलेल्या मार्गिकेतून स्टिअरिंग आपण होऊन वळविण्याची विद्या ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे पुरे वर्ष लोटल्यावर आली. यासाठी गाडी कारखान्यात न्यावी लागली नाही. नवी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, बिनतारी मार्गाने गाडीच्या संगणकात उतरते.

मग एवढा विलंब का? रडारचेच पाहू. रडार रेडिओलहरी सोडते आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वस्तूचे अंतर व तिची सापेक्ष गती काढते. आता ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीपुढे एक बंद पडलेला ट्रक आहे आणि त्याच्या पलीकडे रस्त्यावरून जाणारा एक पूल आहे, असे समजा. दोन्ही स्थिर, म्हणून दोन्ही ताशी १०० किलोमीटरनेच जवळ येताना भासतात. त्या पिढीच्या रडारला उंचीचा भेद फारसा कळत नसे. प्रत्येक स्थिर प्रतिध्वनीला भिऊन ब्रेक लावावा, तर गाडी प्रत्येक पुलाखाली दचकून थांबेल आणि मागचे वाहन तिच्यावर आदळेल. साऱ्यांकडे दुर्लक्ष करावे, तर गाडी ट्रकवर जाईल. निर्णयाला अवधी तरी किती? या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. खरा अडथळा कोणता आणि खोटा कोणता, हे ठरविणारे नियम असंख्य रस्त्यांवर पारखूनच घ्यावे लागतात. खरेदीदाराकडून पैसे आधीच घेतलेले असतात, म्हणून ही पारख आखडती घेता येत नाही.

नव्या आज्ञावलीने गाडीच्या अंगी गुणांची भरच पडते, असेही नाही. जानेवारी २०१६ च्या आवृत्तीने वस्तीतील रस्त्यांवर स्वयंचलित वळणाच्या वेळी गतीला मर्यादा घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून ८ कॅमेऱ्यांच्या गाड्या निघू लागल्या. पण जुन्या गाड्यांत असलेले संकटप्रसंगीचे ब्रेकसुद्धा त्यांत आरंभी नव्हते. ते २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने आले. अधिक डोळ्यांची गाडी काही महिने कमी डोळ्यांच्या गाडीहून अडाणी होती!

प्रतीक्षा संपल्यावरचा प्रश्न याहून गंभीर आहे. ७ मे २०१६ रोजी फ्लॉरिडा राज्यात, स्वयंचलित साहाय्य चालू असलेली एक 'मॉडेल एस' महामार्गावर आडव्या वळलेल्या मालट्रकच्या जोडगाडीखाली घुसली व चालक मरण पावला. त्या काळच्या ब्रेकप्रणालीची रचना पुढे चालणाऱ्या वाहनासाठी होती, आडव्या येणाऱ्या वाहनासाठी नव्हे. नवी आवृत्ती उतरली म्हणजे गाडी सर्व काही पाहू लागली, असा समज चालकाने करून घेतला तर तो प्राणावर बेततो. चौकशीत आढळून आले की, साहाय्य चालू असलेल्या ३७ मिनिटांत चालकाचे हात स्टिअरिंगवर असल्याची नोंद अवघी २५ सेकंद झाली होती.

स्टिअरिंगवर हात आहे की नाही, हे गाडी चक्रावर पडणाऱ्या अल्पशा दाबावरून ओळखत असे. चालकाची नजर कोठे आहे, हे त्यावरून कळत नसे. पुढे अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने दीर्घ चौकशी केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला २० लाखांहून अधिक गाड्यांत चालकाला सावध करणाऱ्या सूचना वाढवाव्या लागल्या. ही दुरुस्तीही बिनतारी मार्गानेच गाड्यांत उतरली.