छाटेची बिडी आणि मजुराचें वेतन

(वाचावयाचे शास्त्रभाग: अनुवाद २४:१४, १५, आमोस ८:४–७, याकोब ५:१–६.)

भंडारा जिल्ह्यांतील आमच्या वाचकांस बिडी कशी होते हें सांगावयास नको. वैशाखांत जंगलांतून तेंदूचीं पानें तोडून त्यांचे पुडे बांधावयाचे. पुढें तीं पानें भिजवून, ओल्या फडक्यांत गुंडाळून, कात्रीनें मापाबरहुकूम कापावयाचीं. मग सूप मांडीवर घेऊन, चिमूटभर तंबाखू घालून बिडी वळावयाची आणि तिला दोरा बांधावयाचा. पिढ्यान्‌पिढ्या ह्या कामावर येथील कित्येक चुली पेटल्या आहेत. गोंदिया हें १ मे १९९९ रोजीं निराळ्या जिल्ह्याचें ठाणें झालें. तोंवर तें भंडारा जिल्ह्यांतच होतें. तेथें आगगाडीचें मोठें स्थानक, सभोंवतीं जंगल, आणि धान कापून झाल्यावर गांवोगांवीं रिकामे हात पुष्कळ. तेव्हां व्यापाऱ्यांनीं तेथें कारखाने मांडले यांत नवल नाहीं. धंदा काढणें हें पाप नव्हे. तंबाखूनें ओढणाराच्या व वळणाराच्याही फुफ्फुसांस अपाय होतो, हा विषय मोठा आहे, पण तो दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं. आजचा आमचा पाठ त्या धंद्यांतील एका लहानशा शब्दाविषयीं आहे. तो शब्द छाट.

मजुरी हजार बिड्यांमागें ठरते. मजूर, बहुतकरून बाई, घरीं बसून माल तयार करिते आणि सट्टेदाराकडे नेते. सट्टेदार म्हणजे कारखानदार व मजूर यांच्यामधला मनुष्य. पान व तंबाखू तो देतो, बिडी तो घेतो, आणि पैसाही त्याच्याच हातून मिळतो. आणलेला माल तो तपासतो व ज्या बिड्या त्यास वाईट वाटतील त्या बाजूस काढतो. ही छाट होय. वाईट माल कोणी घेऊं नये हें न्याय्यच आहे. परंतु चाल अशी पडली होती कीं, छाटेच्या बिडीची मजुरी मिळावयाची नाहीं, आणि ती बिडी मात्र मालकाकडेच राहावयाची! ती टाकाऊ होती तर परत कां दिली नाहीं? टाकाऊ नव्हती तर तिची मजुरी कां दिली नाहीं? वाचकांनीं ह्या दोन प्रश्नांवर क्षणभर थांबावें.

समजा, रोज हजार बिड्या वळणाऱ्या बाईच्या मालांतून शंभर बिड्या छाटेंत गेल्या. दहा दिवसांनीं तिच्या हजार बिड्या, म्हणजे एक पुरा दिवस, फुकट गेला. त्यांतून पान किडकें किंवा अपुरें मिळालें असेल तर भरीचें पान तिनें आपल्या पदरच्या पैशानें घ्यावें. एका बाईचा एक दिवस ही लहान गोष्ट खरी. पण हजारों बायांचे असे दिवस एकाच तिजोरींत जमा झाले म्हणजे ती गोष्ट लहान राहत नाहीं. द्रव्यलोभ नेहमीं दरोडेखोराच्या वेषानें येत नाहीं. तो पुष्कळदां वही व माप घेऊन येतो. आमोस संदेष्ट्यानें दोष ठेविला तो वाटमाऱ्यांवर नव्हे, तर माप लहान व नाणें मोठें करणाऱ्या व्यापाऱ्यांवर. याकोबानेंही ज्यांची झडती घेतली ते शेतांचे धनी होते. त्यांनीं मजुरी नाकारली नव्हती, कपटानें अडवून ठेविली होती.

आतां सरकारानें काय केलें तें पाहूं. १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला व बिडीचा धंदा त्याच्या यादींत घातला गेला. विदर्भ मुंबई राज्यांत असतां १९५८ साली त्या सरकारानें विदर्भांतील बिडी मजुरांचे दर ठरविले, आणि त्याच जाहीरनाम्यांत छाटेविषयीं कलमें घातलीं. त्या कलमांविरुद्ध गोंदियाच्या बिडी, बिडीपान व तंबाखू व्यापाऱ्यांच्या संघानें दाद मागितली. तें प्रकरण दिल्लीस सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें, व १९६१ साली निकाल व्यापाऱ्यांच्या बाजूनें लागला. कायद्यानें सरकारास वेतनाचा दर ठरविण्याचा अधिकार दिला आहे, छाटेचे तंटे तोडण्याचा दिलेला नाहीं, असें न्यायालयानें म्हटलें. छाट न्यायाची आहे असें त्यानें म्हटलें नाहीं, हा भेद ध्यानांत ठेवावा. मजुराच्या चुलीवर मात्र त्या भेदानें कांहीं शिजलें नसेल.

पुढें १९६६ साली बिडी व सिगार कामगारांचा निराळा कायदा झाला. त्यांत घरीं बसून बिडी वळणारीसही कामगार मानिलें, आणि कच्चा माल देणें, बिडी छाटणें व छाटलेल्या बिडीची मजुरी, ह्या तिहींविषयींचे तंटे नेमलेल्या अधिकाऱ्यापुढें नेण्याची वाट करून दिली. गोंदियाच्या खटल्यांत जी उणीव दिसली ती अशी भरून निघाली. परंतु कागदावरील वाट चालून जाण्यास पाय लागतात. दुसऱ्या आठवड्याचें पान ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करील? आणि आईच्या सुपाजवळ बसून दोरा बांधणारें लेंकरूं? १९८६ च्या कायद्यानें बिडीच्या कामांत मुलें लावण्यास बंदी केली, तरी कुटुंबाच्या मदतीनें चालणारें घरचें काम त्यांतून वगळलें होतें. मुलांस कोणी बळजबरीनें बसविलें नव्हतें. हजाराचा आंकडा भरत नव्हता म्हणून तीं बसत. छाट वाढली कीं शाळा सुटे.

येथवर वाचून, हा दोष सेठलोकांचा आहे, असें म्हणून पुस्तक मिटणें सोपें आहे. आम्ही तसें मिटूं देणार नाहीं. सट्टेदार हा बहुधा गांवचाच मनुष्य असतो. आणि आपल्या मंडळींत ज्यांस दोन एकर धान आहे, ते आषाढांत रोवणीस बाया लावितात. त्यांची मजुरी कोणत्या दिवशीं देतात? मोशेच्या नियमशास्त्रांत सूर्यास्तापूर्वीं ती हातीं पडावी अशी आज्ञा आहे, कारण गरिबाचा जीव तिच्यांत गुंतलेला असतो. “धान विकल्यावर देऊं,” असें म्हणून जो तोंवर नवी मोटारसायकल हप्त्यांनीं घेतो, त्यानें त्या बाईकडून बिनव्याजी कर्ज घेतलें आहे, आणि तेंही तिला न विचारतां. वरच्या सेठाहून हा गृहस्थ लहान आहे एवढेंच.

ज्या उपदेशकांच्या गांवीं अजून बिडी वळली जाते, त्यांस आमची एक विनंति आहे. ज्या बायांस अक्षरओळख नाहीं त्यांच्याजवळ एक साधी वही असूं द्यावी. तींत तारीख, किती पान व तंबाखू मिळाली, किती बिडी दिली, किती छाटली, किती पैसे आले, एवढें आठवड्यांतून एकदां त्यांच्यासमोर लिहावें व मोठ्यानें वाचून दाखवावें. ख्रिस्ती बाई व इतर बाई असा भेद करूं नये. सट्टेदार विचारील कीं, हें कशासाठीं? त्यास वही दाखवावी, व त्याचाही आंकडा तींत त्याच्याच हातानें लिहून घ्यावा.